लहानपणीचं वेड पुढे कुठे जातं?

मुलगा दिवसभर बसच्या गोष्टी करतो. कात्रजहून कुठली गाडी सुटते, स्वारगेटला कुठली अर्धी रिकामी होते, कुठल्या अरुंद रस्त्यावर लांब बस वळत नाही, सगळं तोंडपाठ. तिसरीत असताना पाहुण्यांसमोर हे त्याच्याकडून कौतुकानं वदवून घेतलं जातं. आठवीत गेल्यावर तेच ऐकून आईच्या कपाळाला आठी पडते. ‘याचं पुढे काय होणार?’ हा प्रश्न आजी, मामा, शेजारचे काका असा सगळीकडे फिरतो आणि उत्तरं साधारण दोनच येतात. एक तर याला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला घाला, नाही तर हे खूळ आता बंद करा.

दोन्ही उत्तरं देणारे वेडाचा विषय तेवढा बघतात. बसचं वेड म्हणजे वाहनं, ताऱ्यांचं वेड म्हणजे खगोलशास्त्र, भांडणं सोडवायची हौस म्हणजे वकिली. प्रत्यक्षात विषय बहुतेकांचा गळून पडतो. टिकते ती पकड, म्हणजे ते मूल त्या विषयाला कुठल्या बाजूनं धरतं ती बाजू. पुढे कामाची निवड, कामात रमणं, चाळिशीत अकारण वाटणारी अस्वस्थता या सगळ्यांत ती पकड काम करत असते, आणि बऱ्याचदा ज्याची आहे त्यालाही ती ओळखता येत नाही.

बसचंच उदाहरण जवळून पाहू. एकाच डेपोबाहेर रमणारी तीन मुलं घ्या. पहिल्याला इंजिनाचा आवाज ओळखू येतो. गाडी चढावर का कण्हते, ब्रेक लावताना फुस्स आवाज कुठून येतो, हे त्याला हवं असतं आणि घरी तो मिक्सर उघडून बसतो. दुसऱ्याच्या वहीत नकाशा आहे. त्यानं थांबे गोल करून जोडले आहेत, दोन मार्ग कुठे एकमेकांना छेदतात तिथे लाल खूण केली आहे आणि ‘ही बस डेक्कनवरून वळवली तर दहा मिनिटं वाचतील’ असं तो जेवताना सांगतो. तिसरी मुलगी थांब्यावर उभी राहून माणसं बघते. कुठल्या आजी रोज चुकीच्या बसमध्ये चढतात, कोणता कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून चिडतो, कोण कोणासाठी जागा धरतं. तिघांच्या घरी वाक्य एकच: ‘याला बसचं वेड आहे.’ वीस वर्षांनी पहिला हातानं दुरुस्त होणाऱ्या गोष्टींजवळ रमेल, मग ती यंत्रं असोत की माणसाचे सांधे. दुसऱ्याला गुंतागुंतीची व्यवस्था सुरळीत लावण्यात सुख वाटेल, ती शाळेच्या वेळापत्रकाची असो, गोदामाची असो किंवा हॉस्पिटलच्या ओपीडीची. तिसरी बसपासून सगळ्यांत लांब जाईल आणि तरी तेच करत राहील.

म्हणून पालकांनी विचारायचा प्रश्न ‘तुला काय आवडतं?’ हा नाही. त्याचं उत्तर ‘बस’ येतं आणि संभाषण तिथेच थांबतं. ‘आज त्यात काय केलंस?’ असं विचारा आणि उत्तरातल्या कृती ऐका: उघडलं, जोडलं, मोजलं, सजवलं, समजावलं, वाचवलं, गोळा केलं, लावून ठेवलं. महिनाभर अशी उत्तरं ऐकली की दोन-तीन कृती पुन्हा पुन्हा येताना दिसतात.

आवड वाढते कशी आणि अडते कुठे

आवड एका झटक्यात येते आणि मग आपोआप राहते, असा समज आहे. सुझान हायडी आणि ॲन रेनिंजर या संशोधकांनी २००६ मध्ये आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले आणि आज शिक्षणाच्या अभ्यासात ते सर्रास वापरले जातात. आधी बाहेरच्या कशानं तरी लक्ष वेधलं जातं. मग बाहेरच्याच आधारानं ते लक्ष टिकतं. तिसऱ्या टप्प्यात मूल स्वतःचे प्रश्न विचारू लागतं. आणि चौथ्यात आवड इतकी स्वतःची होते, की अडचण आली तरी माणूस ती सोडत नाही. पहिले दोन टप्पे परिस्थितीवर अवलंबून असतात, पुढचे दोन माणसाच्या आत मुरतात. वरच्या टप्प्यावरून खाली घसरणंही होतं आणि खालच्या टप्प्यावर आवड मरूनही जाते.

पुण्यात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. शाळेच्या सहलीत एखादी मुलगी दुर्बिणीतून गुरू बघते आणि त्याच्या शेजारी ओळीत चार ठिपके दिसतात. हा पहिला टप्पा. असा अनुभव वर्गातल्या चाळीस मुलांना येतो, घरी गेल्यावर पस्तीस जण विसरतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसऱ्या टप्प्याला कोणीतरी लागतं. घरी १०×५० ची साधी द्विनेत्री (बायनोक्युलर) असेल आणि ती गच्चीच्या कठड्याला टेकवून स्थिर धरली, तर गुरूचे तेच चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. मुलीला एक छोटी वही द्या. रोज एकाच वेळी मधे एक वर्तुळ काढायचं आणि ठिपके जिथे दिसतील तिथे टिंबं द्यायची, बस. चौथ्या-पाचव्या दिवशी ती विचारेल, ‘काल चार होते, आज तीनच का?’ हा प्रश्न म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा उंबरठा आहे. आणि नेमकं इथेच शहाणी मोठी माणसं घोटाळा करतात.

घोटाळा दोन प्रकारांनी होतो. एक, उत्तर लगेच दिलं जातं: ‘अगं, एक चंद्र गुरूच्या मागे गेलाय.’ प्रश्न मुलीचा होता, तो दहा सेकंदांत मोठ्यांचा झाला. त्याऐवजी ‘तुझ्या वहीत काही सापडतं का बघ’ एवढं म्हणून दोन आठवडे वाट पाहिली, तर तिच्या लक्षात येऊ शकतं की एक ठिपका सारखा गुरूला चिकटून पळतो आणि एक लांब जाऊन सावकाश परततो. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात. हे तिनं स्वतःच्या टिंबांवरून शोधलं तर ते तिचं होतं. दुसरा घोटाळा म्हणजे प्रश्न ऐकताच तिला क्लासला घालणं. क्लास वाईट असतो असं नाही. पण तिसऱ्या टप्प्यावरच्या मुलाला स्वतःचा प्रश्न घेऊन थोडं भरकटायला मोकळा वेळ लागतो, आणि क्लास आला की प्रश्नही अभ्यासक्रमाचा येतो आणि वेळही.

पहिला शिक्षक कसा हवा, यावर बेंजामिन ब्लूम यांच्या शिकागोतल्या अभ्यासानं फार उपयोगाची गोष्ट दाखवली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदूविज्ञानातले संशोधक अशा सहा क्षेत्रांतल्या १२० असामान्य व्यक्तींची वाटचाल तपासली होती. त्यांचे पहिले शिक्षक बहुधा त्या क्षेत्रातले दिग्गज नव्हते. जवळपास राहणारे, प्रेमळ, शिकवण्याचा तास मजेचा करणारे होते. काटेकोरपणा नंतर, दुसऱ्या शिक्षकाबरोबर आला, आणि त्याही नंतर निष्णात गुरू. क्रम उलटा केला तर काय होतं ते पेठेतल्या कुठल्याही गायन-वादनाच्या वर्गात दिसतं. सात वर्षांच्या पोराला पहिल्याच महिन्यात सूर कणभर हलला म्हणून झापलं जातं आणि पेटी दिवाळीनंतर माळ्यावर जाते.

बक्षिसानं काय बिघडतं

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत स्केचपेननं चित्रं काढण्यात आधीपासूनच रमणारी मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता, नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच स्केचपेन सहज पडून राहतील असे ठेवले. आधी कबूल केलेलं प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांनी त्यांना बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण ‘बक्षीस देऊच नका’ असा त्याचा अर्थ काढला जातो. बिघडवतो तो आधीच केलेला सौदा: हे कर, म्हणजे ते मिळेल. मूल जे स्वतःहून करत होतं, त्याला आता बाहेरचं कारण मिळतं, आणि ते कारण संपलं की करणंही संपतं. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचं असं बऱ्याचदा होतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून अर्धा वर्ग परीक्षेला बसतो. ज्यांना चित्रकलेचं सोयरसुतक नव्हतं त्यांचं काही जात नाही. नुकसान होतं ते आधीपासून वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढणाऱ्या मुलाचं. तो दोन वर्षं ‘वस्तुचित्रात छाया कुठे पाडायची’ एवढंच करतो, गुण मिळवतो आणि अकरावीत पेन्सिल उचलत नाही. उपाय अवघड नाही. परीक्षा द्यावी, पण मागच्या पानांवरची चित्रं चालू ठेवावीत. त्यांना गुण नाहीत, ती कोणाला दाखवायची नाहीत, आणि घरच्यांनी ती ‘परीक्षेला उपयोगी’ करायला जायचं नाही.

सरळ रेषा क्वचितच असते

लहानपणच्या वेडाबद्दल बोलताना पंडित भीमसेन जोशींचं नाव हमखास निघतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं, पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले, आणि गुरू गेल्यावर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावानं महोत्सव उभा केला. विषय, पकड आणि आयुष्याचं काम इथे एकच आहे. ही रेषा खरी आहे, पण ती अपवादाची आहे. ती सगळ्यांसाठी मापदंड म्हणून वापरली, की अकराव्या वर्षी घर न सोडलेल्या प्रत्येकाला वाटतं आपल्यात तसं काही नव्हतंच.

जास्त उपयोगाचा नकाशा पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या आयुष्यात मिळतो. मुंबईत खेतवाडीला मामांकडे वाढणाऱ्या या मुलानं दहा-बारा वर्षांचा असताना एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. मिलर्डनी पक्षी ओळखला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात नेणारा माणूस तो हा.

पुढचा रस्ता मात्र सरळ नाही. कॉलेज अर्धवट सुटलं. घरच्या लाकूड आणि खाणीच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, तिथला जम बसला नाही. परत आल्यावर व्यापाराचं शिक्षण आणि त्याच्याच जोडीला प्राणिशास्त्र. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी, १९२९ मध्ये अभ्यासासाठी बर्लिन, आणि परतल्यावर पैशांअभावी ती नोकरीच रद्द झालेली. मग अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या विणीचं असं निरीक्षण केलं की नाव झालं. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं तेव्हा साल होतं १९४१ आणि वय होतं जवळपास ४५.

सुरुवात शिकारीच्या हौशीपासून झाली होती. एअरगन मागे पडली. राहिलं ते निरखून बघणं आणि ‘हा नक्की कोण?’ हे विचारणं. आयुष्याच्या उत्तरार्धात भरतपूरचं पाणपक्ष्यांचं रान वाचवायला ते उभे राहिले, तेव्हा त्याच बघण्याला जगातली एक गरज येऊन मिळाली होती.

पुण्याच्या वाचकांना खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं उदाहरण अधिक जवळचं वाटेल. बनारसला त्यांच्या घरात फळा होता. त्यावर त्यांचे मोरूमामा, गणितज्ञ मोरेश्वर हुजूरबाजार, ‘जेव्हीएनसाठी (म्हणजे जयंत विष्णू नारळीकरांसाठी) आव्हान’ म्हणून एक कोडं लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्यानं हार मानेपर्यंत पुसत नसत. कोडं घातलं जातं, वेळ दिला जातो, उत्तर सांगितलं जात नाही. पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संशोधन संस्था उभी राहिली, तिथे शाळेतल्या मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं सुरू झाली. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. विश्वरचनाशास्त्र हे त्यांचं संशोधनाचं क्षेत्र होतं. पण त्या पोस्टकार्डांत घरातला फळा स्पष्ट दिसतो.

आवडीचं ध्येय कधी होतं

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बरीच निराशा तो न कळल्यानं येते. आवड स्वतःपुरती असू शकते. जगण्याचं ध्येय मात्र स्वतःपुरतं नसतं. स्टॅनफर्डचे विल्यम डेमन यांच्या मांडणीनुसार ध्येयात तीन गोष्टी लागतात: ते दीर्घकाळ टिकतं, स्वतःला अर्थपूर्ण वाटतं, आणि आपल्यापलीकडच्या कोणाला तरी त्यानं फरक पडतो. अमेरिकेतल्या तरुणांच्या त्यांच्या अभ्यासात असं स्पष्ट ध्येय असलेले साधारण पाचातले एकच निघाले. बाकीच्यांतले पुष्कळ आळशी नव्हते. कोणी बरंच काही करून बघत होते पण टिकत नव्हते, कोणी स्वप्नं बघत होते पण त्यासाठी हात हलवत नव्हते.

त्यामुळे आवडीत पटाईत होऊनही पोकळी वाटू शकते. बासरी छान येते, नोकरी छान चालू आहे, तरी काहीतरी राहिलं आहे असं वाटतं. अशा वेळी लोक आवड बदलायला जातात. बहुधा कमी असते ती तिसरी गोष्ट: त्या बासरीचं कोणाला काही होत नाही. आठवड्यातून एकदा वृद्धाश्रमात वाजवून बघा, किंवा दोन मुलांना शिकवून बघा, आणि पोकळी किती उरते ते तपासा.

आणि आवड व काम एकच झालं पाहिजे अशी सक्तीही नाही. डॉ. मोहन आगाशे बी. जे. मेडिकलमध्ये मानसोपचार शिकवत होते आणि विद्यार्थिदशेपासून रंगमंचावर होते. दोन प्रवाह अनेक वर्षं शेजारून वाहिले आणि पुढे मानसिक आजारांवरच्या चित्रपटांत एकत्र आले. डॉ. अनिल अवचट ओरिगामी करत, लाकडात कोरीव काम करत, बासरी वाजवत. पण त्यांचं आणि डॉ. सुनंदा अवचटांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं ते समोर आलेल्या गर्द (ब्राउन शुगर) या अमली पदार्थाच्या संकटातून, कुठल्या छंदातून नव्हे. ध्येयाकडे जाणारी ही दुसरी वाट तितकीच खरी आहे. आधी दुःख दिसतं, मग माणूस शिकतो, मग रमतो. ज्यांना लहानपणी कसलंच वेड नव्हतं त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे, आणि अशी माणसं थोडी नाहीत. २००७ मध्ये जुडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगदी झपाटल्यासारखी आवड जवळपास एक तृतीयांश लहान मुलांतच आढळली. उरलेली दोन तृतीयांश मुलंही मोठी होऊन अर्थपूर्ण कामं करतातच.

मोठ्यांनी आपली पकड शोधायची असेल तर

एक वही, दोन निवांत संध्याकाळी आणि नंतर दोन-अडीच महिने एवढं पुरतं. पहिल्या संध्याकाळी सातव्या ते चौदाव्या वर्षापर्यंत स्वतःहून काय काय केलं याची यादी करा. कोणी करायला सांगितलं नव्हतं, जेवायला हाका मारल्या तरी उठवत नव्हतं, फसलं तरी पुन्हा केलं आणि निदान काही महिने टिकलं, अशाच गोष्टी ठेवा. ज्यात पहिला नंबर यायचा त्या गोष्टी आपोआप यादीत शिरतात. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. नंबर येणं आणि रमणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुण्यातल्या हुशार मुलांच्या आयुष्यात हा गोंधळ सगळ्यांत मोठा असतो.

उरलेल्यांतल्या तीन निवडा आणि प्रत्येकीवर अर्धं पान लिहा. ‘गणपती मंडळात काम करायचो’ एवढ्यानं काही कळत नाही. त्या दहा दिवसांत नक्की कुठे असायचास? देखाव्याच्या मागे, हलत्या मूर्तीची मोटर अडकली की पाना घेऊन? वर्गणीच्या पावत्या जुळवत, आठ आणे कमी पडले म्हणून रात्री पुन्हा बेरीज करत? नदीपात्रात ढोलपथकाच्या सरावाला, शंभर जणांच्या ठोक्यात आपला ठोका मिसळताना? की मिरवणुकीत पुढच्या आणि मागच्या मंडळाची भांडणं मिटवत? मंडळ एक, पकडी चार. तुमची कोणती होती, ते हात काय करत होते यावरून ठरतं.

दुसऱ्या संध्याकाळी साक्षीदार गाठा: मोठी बहीण, मावशी, वाड्यातला जुना मित्र. ‘मी लहानपणी कशात हरवायचो?’ एवढंच विचारा आणि आपली यादी आधी सांगू नका. याची गरज आहे, कारण स्मृती प्रामाणिक नसते. चाळिशी ओलांडलेल्यांना साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त आणि ठसठशीत येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे जुनं सगळंच सोनेरी दिसतं. शिवाय आज जे बनलो आहोत त्याला शोभेल असं बालपण आपण नकळत रचतो. साक्षीदाराचं उत्तर आणि तुमचं उत्तर जिथे जुळतं, तेवढंच धरून चाला.

मग दोन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा: आज कोणतं काम ढकलावं लागलं नाही, आणि कोणतं ओढत न्यावं लागलं. कामाचं नाव नको, कृती लिहा. बँकेत कर्ज विभागात असलेल्या माणसाच्या वहीत ‘नवीन आलेल्या मुलीला फाइल कशी वाचायची ते दाखवलं’ हे पहिल्या रकान्यात आठ वेळा आलं, आणि बालपणीच्या पानावर गल्लीतल्या पोरांना पत्त्यांचे डाव शिकवणं असेल, तर पकड सापडली.

शेवटचा भाग प्रयोगाचा. सहा ते आठ आठवडे, आठवड्याला दोन तास, तीच पकड कोणा दुसऱ्याच्या गरजेसाठी वापरायची. नोकरी सोडायची नाही, फी घ्यायची नाही, इन्स्टाग्रामवर पान काढायचं नाही. पैसा लगेच आला की वर सांगितलेला सौदा मोठ्यांच्याही बाबतीत सुरू होतो, आणि आवडलं म्हणून करतोय की मिळतंय म्हणून, हे स्वतःलाच कळेनासं होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो, काहीतरी अवघड समोर येतं. इथे बरेच जण म्हणतात, ‘म्हणजे ही माझी खरी आवड नव्हती.’ पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१८ च्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. आवड तयार असते, ती फक्त सापडायची असते असं मानणाऱ्यांना कृष्णविवरांवरची सोपी फिल्म आवडली, पण त्याच विषयावरचा जड लेख हातात येताच त्यांचा रस जास्त झपाट्यानं उतरला. आवड घडवावी लागते असं मानणारे तुलनेनं टिकून राहिले. म्हणून निकाल ठरवलेले सगळे आठवडे पुरे झाल्यावर द्यावा, चौथ्यात नाही.

उलट टोकही आहे. रॉबर्ट व्हॅलरँड यांनी ध्यासाचे दोन प्रकार दाखवले: एक आयुष्यात सामावणारा, दुसरा आयुष्य गिळणारा. ओळखायची खूण सोपी आहे. आठवडाभर ते करता आलं नाही तर चुकचुकल्यासारखं वाटतं, की आपली किंमतच कमी झाली असं वाटतं? दुसरं होत असेल तर त्या ध्यासात आनंदापेक्षा स्वतःला सिद्ध करण्याची गरज जास्त आहे, आणि त्यावर जगण्याचा डोलारा उभारणं धोक्याचं आहे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे सगळं फार तातडीचं आहे. ‘अधिकारी व्हायचंय’ हे पद झालं. त्या खुर्चीत बसून रोज काय करायला आवडेल, हे पहिल्या प्रयत्नाआधी लिहून काढा: गावच्या पाण्याची योजना मार्गी लावायला, जमिनीच्या नोंदी नीट करायला, की माणसांचं ऐकून घ्यायला? यातलं काही खरोखर ओढून घेत असेल तर परीक्षा हुकली तरी ते काम दुसऱ्या दारानं करता येतं. पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था आहेत, ग्रामपंचायत आहे, कायद्याचं शिक्षण आहे. एकही कृती लिहिता आली नाही, तर पद घरच्यांकडून उसनं आलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि हे तिसऱ्या प्रयत्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

घरात दहावीचं वर्ष असेल तर एवढं करा. वेड पूर्ण बंद करू नका, आठवड्याला दीड तासावर आणा, आणि तो दीड तास रविवारी सकाळी ठरलेला असू द्या, ‘अभ्यास झाला तर’ असा नको. द्विनेत्री, वही, पाने-स्क्रूड्रायव्हर, जे काही असेल ते माळ्यावर टाकू नका, हाताशी राहू द्या. त्या विषयातला एक मोठा माणूस मुलाच्या ओळखीचा ठेवा, वर्षातून दोनदा भेट झाली तरी चालेल. आणि परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्या माणसाकडे जायचा दिवस आताच ठरवून टाका. सुट्टीत राहून गेलं, तर अकरावीचे प्रवेश आणि क्लास सुरू झाल्यावर ते दिवाळीपर्यंत तरी जमत नाही.